कोचीनच्या राजावर हसू नका

आदरणीय मनिराम सेलोकर सरांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा सर पोर्तुगीज होते आणि गुडघाभर पाण्यात उभे होते. गौरवग्रंथातला लेख असा सुरू करायचा नसतो, हे मला ठाऊक आहे. पण संपादक मंडळातल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी "बाई, पहिल्या परिचयापासून लिहा" असं बजावून सांगितलं, आणि पहिला परिचय असाच आहे. त्याला माझा इलाज नाही.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. मी अकोल्याकडची, कापसाच्या मुलखातली. बी.एस्सी., बी.एड. होऊन गणित-विज्ञानाची शिक्षिका म्हणून भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी रुजू व्हायला आले. सिहोऱ्याकडे जाणाऱ्या एस.टी.नं मला फाट्यावर उतरवलं. पुढची वाट धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे खाचरांमधल्या अरुंद बांधावरून. कापसाच्या काळ्या मातीत चालायची सवय मला होती, पण धुऱ्यावर चालणं ही वेगळीच विद्या आहे. दोनदा बांधीत पडले, एक चप्पल तिथेच राहिली. शाळेत पोचले तर नववीच्या वर्गात दप्तरं होती आणि पोरं नव्हती. शिपायाला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "समुद्रावर गेले जी. येतीन आता."

समुद्र म्हणजे गावचा मोठा तलाव. मी एका पायात चप्पल घालून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर गेले. तिथे ढिवर कोळ्यांच्या डोंग्यात एक चाळिशीचे गृहस्थ उभे, हातात उघडी छत्री, ती म्हणजे गलबताचं शीड. डोंगा काठाला टेकायच्या आत ते पाण्यात उतरले, पायजमा वर खोचला आणि मला पाहून म्हणाले, "नव्या बाई का? या, या. तिकडे चिंचेखाली उभ्या राहा, कालिकतले सावली हाय." आणि लगेच पोरांकडे वळून हात जोडले, "महाराज, लई दूरून आलो. पाणी पाजा." पोरांनी पाणी पाजलं. "महाराज, वारा उलटा हाय. वारा फिरतवर माल ठेवाले जागा द्या." पोरांनी जागा दिली. मी कालिकतच्या सावलीत उभी राहून हे सगळं पाहत होते आणि मनात म्हणत होते, बापा, कुठे येऊन पडले मी.

महिनाभरात माझं मत बदललं. सरांची पद्धत मला कळायला लागली. मोठा तलाव म्हणजे अरबी समुद्र, पाळीच्या पलीकडचं लहान तळं, ज्याला इथे बोडी म्हणतात, ते म्हणजे बंगालचा उपसागर, आणि मधली पाळ म्हणजे हिंदुस्थान. चिंचेखाली कालिकत, त्याच्या खालच्या अंगाला कोचीन, कपडे धुवायच्या दगडाजवळ गोवा आणि वरच्या टोकाला सुरत. या गावातल्या पोरांनी समुद्र पाहिलेला नव्हता, त्यांच्या बापांनी पाहिलेला नव्हता, आणि सरांनीही पाहिलेला नव्हता. पण तलाव कोणाला शिकवावा लागत नव्हता. पाणी कोण सोडतो, काठावर जाळं वाळत घालायला कोणाला विचारावं लागतं, कोणाचा हक्क कुठवर, हे सगळं इथल्या पोरांना चालायला लागल्यापासून माहीत. सरांनी त्याच्यावरच इतिहास उभा केला.

सर म्हणत, "युरोपातले लोक तोफा घेऊन आले अन् जिंकले, असं लिहिलं तं एक मार्क देईन. ते आले तेव्हा काय मागत आले हे लिहिलं, तं पाच." आणि मग सांगत. पोर्तुगीजांनी मिरी ठेवायला जागा मागितली. डच कापडासाठी पूर्वेच्या किनाऱ्यावर आले, त्यांनीही जागाच मागितली. इंग्रजांनी सुरतेला बादशहाचं फर्मान मिळवून वखार घातली, तिकडे मद्रासेला एका नायकाकडून वाळूची पट्टी मागून घेतली. फ्रेंच सगळ्यांच्या मागून आले, त्यांना पाँडिचेरी मिळाली. वखार म्हणजे गोदाम. गोदामाला कुंपण आलं, कुंपणाला पहारा आला, पहाऱ्याला तोफ आली. सर हे सांगताना आवाज चढवत नसत. घरची गोष्ट सांगावी तसं सांगत.

माझ्या पहिल्याच वर्षी वार्षिक तपासणीला साहेब आले. त्यांनी नववीतल्या एकाला उठवलं आणि विचारलं, "कालिकत कुठे आहे?" पोरगा म्हणाला, "चिंचेखाली, साहेब." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आणि गोवा?" "धुण्याच्या दगडापाशी." "तिथं पोर्तुगीज कधी आले?" तर पोरगा म्हणतो, "तलाव भरल्यावर."  सर मात्र पुढे आले आणि म्हणाले, "साहेब, पोरगं बरोबर सांगून राहिलं. चला, दाखवतो." साहेबांना पाळीवर नेलं, कालिकत दाखवलं, पावसाळी वारा गलबतं कशी इकडे लोटत होता ते सांगितलं, म्हणून तलाव भरायची वेळ पोराच्या डोक्यात कशी बसली तेही सांगितलं. साहेब तासभर पाळीवर हिंडले. जाताना शेरेबुकात चांगलं लिहून गेले, आणि पोराला सांगून गेले की बोर्डाच्या पेपरात चिंच लिहू नको.

सरांच्या वर्गातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कोचीनच्या राजाचा धडा चालू होता. शेजारच्या कालिकतच्या राजाशी त्याचं वैर. त्यानं विचार केला, हे परदेशी पाहुणे आपल्याला कामी पडतील. जागा दिली. मग लाकडी कोट बांधायची परवानगी दिली. कोटाला लाकूडही त्यानंच पुरवलं, असं सर म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. सर सहसा रागावत नसत. त्या दिवशी रागावले. "हसू नका त्याच्यावर. तो काही बुद्धू नव्हता. दारात आलेल्याले जागा दिली त्यानं. तुमच्या घरी पाहुणा आला तं तुम्ही काय करता? हाकलता? पहिली परवानगी देणारा माणूस बहुतेक वेळा चांगलाच असते, म्हणून तं हे सगळं घडते." मी शेजारच्या वर्गात गणित शिकवत होते. मधली भिंत बांबूच्या तट्ट्याची, त्यामुळे सरांचा इतिहास मला फुकटात मिळे.

सरांच्या मायेचं काय सांगावं. पहिल्या हिवाळ्यात मला हिवताप आला, तेव्हा सरांच्या सौभाग्यवती रोज सकाळ-संध्याकाळ तांदळाची पेज घेऊन येत आणि मी ती संपवेपर्यंत उठत नसत. माझे गणिताचे तास सरांनी घेतले. आठ दिवसांनी वर्गावर गेले तर पोरांना समीकरणं काही येत नव्हती, पण लिस्बनहून निघालेल्या गलबतात माणशी किती पिंपं पाणी लागेल याचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ होता. मी सरांना म्हटलं, "सर, हे काय केलंत?" तर म्हणाले, "गणितच होय ना बाई ते? ओलं गणित होय." आता अशा माणसाशी भांडावं तरी कसं?

आता त्या खोलीकडे येते. या गावाला ती गोष्ट माहीत आहे, पण अर्धीच. मी आज पूर्ण लिहिणार आहे.

दहावीला मॅट्रिक होण्याचा नवा आकृतिबंध तेव्हा नुकताच सुरू झाला होता. आमची शाळा नववीपर्यंतच. नववीनंतर मुलं तुमसरला जात, नातेवाइकांकडे राहत, सायकल दामटत. मुली जात नसत. नववी झाली की मुलगी रोवण्याला, म्हणजे धानाची रोपं लावायला लागायची आणि वर्षा-दीड वर्षात तिच्या लग्नाची पत्रिका यायची. शाळेला दहावीचा वर्ग मिळाला तर हे थांबणार होतं. एप्रिलमध्ये आमच्या मुख्याध्यापकांची बदली झाली आणि नवे कोणी आले नाहीत. सर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, पण त्यांनी पदवी बाहेरून घेतलेली आणि बी.एड. नव्हतं. म्हणून कारभार माझ्याकडे आला. सव्वीस वर्षांची मी, आणि कमरेला शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा. मला कोण आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. जंगलातून पानं तोडून आणतात, पुडे बांधतात, वाळवतात, पोत्यांत भरतात, आणि ती पोती बिडीच्या कारखान्यांकडे जातात. आमच्या भागाचा ठेका तुमसरच्या मोतीरामजींकडे होता. उंचपुरा, मिशाळ, मोठ्यानं हसणारा माणूस. वळवाचे ढग आलेले, पानं भिजली की मातीमोल. मोतीरामजी शाळेत आले, हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, चार दिवस तुमची मोठी खोली द्या. ट्रक आला की उचलतो. सुट्टीच आहे ना शाळेले?" किती अदबीनं बोलले म्हणून सांगू. मी अर्जावर 'परवानगी देण्यात येत आहे' असं लिहिलं, सही केली आणि किल्ली दिली. शेजारच्या भिंतीतून तो धडा मी दोन वर्षं ऐकत होते, तरी दिली.

ट्रक आला, पण थोडीच पोती गेली. शाळा उघडली तेव्हा मोतीरामजी म्हणाले, "पाऊस उघडू द्या." मग शेळ्या वऱ्हांड्यात शिरून पानं खातात म्हणून बांबूचं कुंपण आलं. शेळ्या तेंदूची वाळकी पानं खातात हे मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मग कुंपणाशी बाज टाकून एक चौकीदार आला. मग पानांच्या जोडीला बिडीच्या तंबाखूची पोती आली आणि शेजारचा सातवीचा वर्ग दिवसभर शिंकायला लागला. सर एकदा शिंकतच बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, तंबाखू पण फिरंग्यांनीच आणली आपल्याकडे." मी हसले. नंतर घरी जाऊन जेवले नाही.

भाद्रपदात खोलीवर दुसरंच कुलूप दिसलं. एके दिवशी खोलीत ठेवलेला जुना नकाशा हवा होता म्हणून मी गेले, तर चौकीदार बाजेवरून न उठता म्हणाला, "मालकाले विचारून येतो, तोवर उभ्या राहा." मी माझ्याच शाळेच्या वऱ्हांड्यात उभी राहिले. गावातल्या मोठ्या मंडळींना सांगितलं तर ती म्हणाली, "पडले पोते तं पडले, शाळेचं काय जाते?" मोतीरामजी गावाच्या मंडईच्या जत्रेला दरवर्षी दिवाबत्ती देत, त्यांना कोण दुखवणार?

दिवाळीच्या आधी शिक्षणखात्याचं पत्र आलं. दहावीचा वर्ग मिळेल, पण त्यासाठी स्वतंत्र मोठी खोली पाहिजे. जानेवारीत साहेब येऊन पाहतील, खोली नसेल तर वर्ग दुसऱ्या गावाला जाईल. नववीत शेवंता नावाची मुलगी होती. अभ्यासात सगळ्यांच्या पुढे, आणि जीभ त्याहून पुढे. पत्राची बातमी तिला कशी कळली कोण जाणे. ती मला म्हणाली, "बाई, खोली नाही भेटली तं माह्यं जानेवारीतच ठरून जाईन. पाहुणे येऊन राहिले." मला त्या मुलीच्या डोळ्यांत बघवेना.

मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. अर्ज, सही, किल्ली. रडलेही. त्यांनी मला रागावावं असं मला वाटत होतं, म्हणजे माझं तरी सुटलं असतं. सर एवढंच म्हणाले, "मंडईचं नाटक बसवू."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि मंडईला नाटक नाही असं गाव नाही. रात्रीचं नाटक मोठ्या मंडळींचं, दुपारचं शाळेचं. सरांनी नाटक लिहिलं ते पोर्तुगीज कोचीनला कसे आले याचं. स्वतः पोर्तुगीज कप्तान झाले. शेवंता निवेदन करणार. प्रॉम्प्टिंग माझ्याकडे. आणि कोचीनच्या राजाचं काम त्यांनी दिलं मोतीरामजींना.

मी भडकलेच. "सर, त्या माणसाला राजा करता?"

"राजाच करतो. फिरंगी केला असता तं तो पहिल्याच दिवशी समजला असता."

मोतीरामजींना नाटकाचं वेड. दरवर्षी दंडारीच्या लोकनाट्यात राजा तेच होत. त्यांच्याजवळ मखमलीचा झगा होता, पत्र्याची तलवार होती, आणि मुकुट ठेवायला वेगळी पेटी होती. त्यांना ठेक्याच्या कामातून वेळ मिळे तेव्हा तालमीला येत, आपली भाषणं म्हणत आणि जात. सबंध नाटक त्यांनी एकदाही सलग पाहिलं नाही. सरांनी ते पाहू दिलं नाही, असं आता वाटतं.

मंडईची दुपार. सगळं गाव, आजूबाजूची चार गावं. पडदा उघडला. पोर्तुगीज कप्तानानं पाणी मागितलं, राजानं दिलं. कप्तान म्हणाला, "महाराज, वारा फिरतवर मिरी ठेवाले एक खोली द्या, चार दिवस." राजा मिशीवर हात फिरवून म्हणाला, "दिली." समोर कोणीतरी खाकरलं. पुढच्या प्रवेशात कप्तान आला आणि म्हणाला, "महाराज, शेळ्या मिरी खातात. कुंपण घालू का?" त्यावर जो हशा पिकला, तो मी या गावात परत ऐकला नाही. मोतीरामजींना वाटलं, आपलं काम रंगलं. ते आणखी ऐटीत म्हणाले, "घाला, घाला. बांबू आमचे घ्या." लोक जमिनीवर लोळायचे बाकी होते. मी पडद्याआड वही धरून उभी होते.

मग तो प्रवेश आला. राजा आपल्याच किनाऱ्यावर फिरायला येतो. कुंपणाशी पहारेकरी उभा. नववीतलाच एक मुलगा, भाल्याला टेकून. त्यानं राजाकडे पाहिलं आणि सरांनी लिहिलेलं वाक्य म्हटलं, "मालकाले विचारून येतो, तोवर उभे राहा."

मोतीरामजी थांबले. हशा आपसूक विरला. पुढचं भाषण त्यांचं होतं, 'हे भगवंता, मी काय करून बसलो' असं काहीतरी. मी आतून दोनदा म्हटलं. त्यांनी प्रॉम्प्टिंगच्या बाजूला पाहिलं, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. मी वही मिटली. मग ते कप्तानाकडे वळले आणि म्हणाले, "फिरंग्या, वखार खाली कर. उद्या सकाळी बैलबंड्या येतीन." हे नाटकात नव्हतं.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कोणी फेटा उडवला. पण आमचे सर इतिहासाचे शिक्षक. ते कप्तानाची टोपी काढून पुढे आले, टाळ्या थांबवल्या आणि म्हणाले, "मंडळी, असं घडलं नाही. कोचीनच्या राजाले असं म्हणता आलं नाही. फिरंगी तिथं दीडशेच्या वर वर्षं राहिले, अन् गेले ते डचांनी काढलं म्हणून गेले. राजेसाहेब आता जे बोलले ते पुस्तकात नाही. पोरांनो, पेपरात लिहू नका." जरा थांबून म्हणाले, "पण लक्षात ठेवा." आणि टोपी घालून पुन्हा पोर्तुगीज झाले. नाटक पुढे चालू झालं, कारण शेवंताचं शेवटचं निवेदन बाकी होतं आणि तिनं ते कोणालाही सोडू दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखर सहा-सात बंड्या आल्या. मोतीरामजी स्वतः पोती उचलू लागले. चौकीदाराची बाज त्यांनी स्वतः खांद्यावर घेतली. किल्ली माझ्या हातात देताना म्हणाले, "बाई, तुम्ही मले एकदा तरी नाही म्हणून पाह्यचं होतं. मी काही वाघ नव्हतो." मी म्हटलं, "तुम्ही इतकं गोड मागितलंत, नाही कशी म्हणू?" ते मोठ्यानं हसले, त्यांच्या नेहमीच्या हसण्यानं. पुढे दहावीच्या वर्गाला बाकं त्यांनीच करून दिली.

गावाच्या सभेत कोणीतरी विचारलंच, "पण खोलीची किल्ली पहिल्यांदा देली कोणी?" मी उठणार होते. त्याआधी सर म्हणाले, "शाळेनं दिली," आणि पुढचा विषय काढला. लोकांनी समजून घेतलं की बदलून गेलेल्या मुख्याध्यापकांनी दिली असेल. जानेवारीत साहेब आले, खोली पाहिली. जूनमध्ये दहावीचा वर्ग सुरू झाला. गावानं माझा सत्कार केला, शाल-श्रीफळ दिलं, 'बाईंच्या कारकिर्दीत दहावी आली' असा दगडही भिंतीत बसवला. तो अजून आहे. शेवंता त्या पहिल्या वर्गात होती. आज ती करडी गावाच्या बाजूला शाळेत शिकवते आणि तिची जीभ अजून तशीच आहे.

सरांना समुद्र दिसला तो नंतर, ऐंशीच्या सुमारास, सहलीला. पोरं ओरडत पाण्याकडे धावली. सर चपला हातात घेऊन हळूहळू गेले, ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "खारट हाय, बाई. पुस्तकात बरोबर लिहिलं होतं."  परतीच्या गाडीत तुमसर येईपर्यंत बोलत होते, कोणाला झोपू दिलं नाही.

सरांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे असं कळलं, तेव्हा मी ठरवलं की सगळं लिहायचं. इतकी वर्षं मी त्या दगडावरच्या नावाखालून जात-येत होते. पण सरांना न विचारता लिहिणं मला जमेना. मागच्या महिन्यात हा लेख घेऊन त्यांच्या घरी गेले. सर अंगणात मोहाच्या फुलांची टोपली निवडत बसले होते. त्यांनी लेख वाचला. वाचता वाचता दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. मग म्हणाले, "हे किल्लीचं काहून लिहिता? लोक इसरून गेले."

"लोकांना माहीतच नाही, सर. विसरतील कसे?"

सर हसले. मोहफुलं तशीच राहिली. मग म्हणाले, "लिहायचंच असन तं बरोबर लिहा. अर्धं लिहू नका. तुम्ही अर्जावर सही केली, तेव्हा मी तिथंच ऑफिसात होतो. तुमच्या समोरच्या खुर्चीवर. निकालाचे कागद लावत होतो. मोतीरामजी बोलले ते सगळं मी ऐकलं. ट्रक, सुट्टी, चार दिवस, सगळं. वीस वर्षं तोच धडा शिकवून राहिलो होतो मी, अन् माह्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. मले वाटलं, सुट्टीच आहे, द्याले काय हरकत."

मला ते आठवतच नव्हतं. आजही आठवत नाही. एवढी घाबरलेली, एवढी खूश होते मी तेव्हा त्या जुडग्यानं, की समोर कोण बसलंय हेही पाहिलं नाही.

"मग सभेत तुम्ही..."

"शाळेनं दिली म्हटलं. शाळेत आपण दोघंच होतो, बाई."

तेव्हा मंडळी, त्या दगडावर माझं नाव चुकून आहे, आणि किल्ली देणाऱ्यांत माझ्याबरोबर सरांचं नाव राहून गेलं आहे. दोन्ही दुरुस्त्या सरांच्या संमतीनं इथे छापत आहे. दुसरी तर त्यांच्याच आग्रहावरून.

सरांची तब्येत उत्तम आहे. सायकल अजून चालवतात, सिहोऱ्याच्या बाजाराला जाऊन येतात, वाटेत भेटेल त्याला थांबवतात. त्यांना आणि काकूंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत, डोळे शेवटपर्यंत शाबूत राहोत. आणि सर, आजवर तुम्ही माझ्या समोरच्या त्या खुर्चीत हे ओझं घेऊन एकटेच बसून होतात, हे मला आत्ता कळलं. यापुढे तसं होणार नाही. आता सगळ्या गावाला माहीत आहे.